चमच्यावरचा कुत्रा



‘जुन्या वस्तू बोलू लागल्या’ या आपल्या सदराचा विषय दर वेळी मी ठरवतो. या वेळी मात्र तो तुमच्यातल्याच एका मैत्रिणीनं ठरवून पाठवलाय. ती कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली, आठवीत शिकणारी. तिचं चार पानी पत्र आलं. त्यातला मधला भाग तिच्याच शब्दांत वाचा :

“काका, आमच्या आजीच्या ट्रंकेत एक लाकडी पेटी आहे. आत निळं मखमल, आणि त्यावर बारा चमचे-काटे. माझे पणजोबा इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं ही पेटी पणजोबांना बक्षीस दिली, असं आजी सांगते. आता दादाच्या कॉलेजची फी भरायची आहे, म्हणून पेटी गुजरीत नेऊन मोडीत घालायचं घरात चाललंय. पण थोरले काका म्हणाले, ‘साहेब कशाला नोकराला चांदी देतोय? एक तर ती चांदीच नसणार, नाहीतर...’ आणि गप्प बसले. आजी त्या रात्री जेवली नाही. म्हणजे काका, चांदी असली तर माझे पणजोबा चोर, आणि नसली तर साहेब लबाड. खरं काय ते चमच्यांवरून कळतं का?”

वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. प्रश्न चमच्यांचा होता आणि नव्हताही.

पत्रासोबत तिनं चित्रं काढून पाठवली होती. भिंग घेऊन, दांड्यांच्या मागच्या बाजूचे ठसे मोठे करून काढलेले. चार लहान चमच्यांवर तिला दिसलं ते असं : “दोन इंग्रजी अक्षरं, मग मासे पकडायचा गळ, मग शेपटी वर केलेला कुत्रा, मग लहान लिपीतलं ‘के’.” हे दोन चमच्यांवर. उरलेल्या दोन लहान चमच्यांवर गळाच्या जागी मुकुट होता, आणि शेवटचं अक्षर झिजून गेलेलं. सहा मोठे चमचे आणि दोन काटे यांच्यावर मात्र कुत्रा नाही, मुकुट नाही. चार छोट्या ढाली, आणि त्यांत नक्षीदार अक्षरं : ई, पी, एन, एस. खाली तिनं लिहिलं होतं, “हे साहेबाच्या नावाचं असेल, असं सगळे म्हणतात.”

चला तर मग, आपण सगळे मिळून हे ठसे वाचू या. भिंग घ्या!

कुत्रा कुठला, सिंह तो!

आपल्या मैत्रिणीचा कुत्रा म्हणजे खरा तर सिंह आहे. एक पंजा उचलून चालणारा. हसू नका हं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठशात भल्याभल्यांना त्याचं मांजर दिसतं. इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर हा चालता सिंह १५४४ सालापासून उमटवला जातो. त्याचा अर्थ एकच : ही चांदी ‘स्टर्लिंग’ आहे. म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. आपल्या गुजरीच्या भाषेत सांगायचं तर साडेब्याण्णव टंच.

टंच हा शब्द कोल्हापूरकरांना सांगायला नको. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातली हुपरी म्हणजे चांदीचं गाव. तिथं घरोघरी पैंजण घडतात, आणि ‘किती टंच?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. टंच म्हणजे शंभरात शुद्ध धातू किती. शंभर टंच चांदी फार मऊ असते. तिचा चमचा केला तर घट्ट श्रीखंडात वाकेल! म्हणून थोडं तांबं मिसळावं लागतं. पण ‘थोडं’ म्हणजे किती, इथंच लबाडीला वाव असतो. तांबं मिसळलेलं डोळ्यांना पटकन दिसत नाही. म्हणून तर ठसा हवा.

गळ नव्हे, नांगर

गळ म्हणून काढलेलं चित्र जहाजाच्या नांगराचं आहे. नांगर म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, समुद्रकाठचं शहर असणार. चुकलात! नांगर ही बर्मिंगहॅम शहराची खूण, आणि बर्मिंगहॅम समुद्रापासून चांगलं दूर आहे. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड या दोन शहरांना चांदी तपासायची कचेरी मिळाली. त्यासाठी मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदारानं पार्लमेंटमध्ये फार खटपट केली होती. (हाच तो जेम्स वॅटचा भागीदार, वाफेच्या इंजिनवाला.) खटपटीच्या दिवसांत ही मंडळी लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खाणावळीत जमत. तिथंच नाणं उडवून ‘मुकुट तुमचा, नांगर आमचा’ ठरलं, अशी एक मजेदार गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, शेफिल्डला मुकुट मिळाला आणि बर्मिंगहॅमला नांगर. शेफिल्डचा मुकुट १९७४ पर्यंत चालला. १९७५ पासून तिथं गुलाबाचं फूल आलं. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, आणि एडिंबरोची किल्ला.

म्हणजे आपल्या मैत्रिणीचे दोन चमचे बर्मिंगहॅमला तपासलेले आणि दोन शेफिल्डला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

‘के’ म्हणजे कधी?

आता सगळ्यात गमतीचा ठसा. दर वर्षी कचेरी एक नवं अक्षर घेई. ए, बी, सी... अक्षरं संपली की लिपी किंवा ढालीचा आकार बदलून पुन्हा पहिल्यापासून. बर्मिंगहॅमची लहान लिपीतली एक फेरी १९०० साली ‘ए’ पासून सुरू झाली. मग ‘के’ कोणतं साल? मोजा बोटांवर.

१९१० आलं ना? तरी चूक! त्या फेरीत ‘जे’ हे अक्षर गाळलेलं होतं, कारण ठशात ते ‘आय’सारखंच दिसतं. म्हणून ‘के’ दहावं ठरतं, आणि साल येतं १९०९. त्यातही ते वर्ष जुलैत सुरू होई. तेव्हा हे चमचे तपासले गेले जुलै १९०९ ते जून १९१० च्या दरम्यान.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारील, “पण काका, लहान लिपीची आधीचीही फेरी असेल की! त्यातला ‘के’ नसेल कशावरून?” शाबास! याचं उत्तर चमच्यावर *नसलेल्या* ठशात आहे. १७८४ ते १८९० या काळात इंग्लंडात चांदीवर कर होता, आणि कर भरला याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं उमटवत. आपल्या चमच्यांवर डोकं नाही. आधीच्या लहान लिपीच्या फेऱ्या याच कराच्या काळातल्या, त्यांच्यावर डोकं असायला हवं होतं. म्हणून त्या बाद. कधी कधी नसलेली गोष्टही साक्ष देते, ती अशी. (१९३५ च्या आगेमागे रौप्यमहोत्सवासाठी राजा-राणीची डोकी पुन्हा काही काळ आली होती. पण ती हौस म्हणून.)

उरली सुरुवातीची दोन अक्षरं. ती बनवणाऱ्याच्या नावाची.

आणि हे वर्षाचं अक्षर सुरू का झालं ठाऊक आहे? संग्राहकांच्या सोयीसाठी मुळीच नाही. लंडनमध्ये १४७८ साली ते आलं, ते चूक पकडण्यासाठी. वस्तू सोनारांच्या संघाच्या हॉलमध्ये आणून तपासायची, आणि ठसा मारायचा. (‘हॉलमार्क’ हा शब्द त्यातूनच आला.) पुढं कधी ती चांदी हिणकस निघाली, तर अक्षरावरून साल कळणार, आणि त्या साली तपासणीला कोण होतं तेही. म्हणजे सोनारानं लबाडी केली तर सापडणार, आणि तपासनिसानं डोळेझाक केली तर तोही सापडणार. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही युक्ती. आहे की नाही नामी?

ई. पी. एन. एस. साहेब

आता मोठ्या चमच्यांकडे वळू. ई. पी. एन. एस. नावाचा साहेब जगात कधीच नव्हता! ही ‘इलेक्ट्रो-प्लेटेड निकेल सिल्व्हर’ची आद्याक्षरं. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. आपल्याकडे त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात सिल्व्हर, पण आत चांदीचा कणही नाही. त्यावर विजेच्या साहाय्यानं चांदीचा पातळ मुलामा चढवायचा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनं १८४० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि मध्यमवर्गीय इंग्रजांच्या टेबलावरही चकाकी आली.

ही चार अक्षरं वेगवेगळ्या ढालींत, जुन्या वळणाच्या लिपीत अशी उमटवत, की लांबून हॉलमार्कच वाटावा. पण सिंह नाही म्हणजे इंग्रजी स्टर्लिंग नाही, हे पक्कं.

मुलाम्याची भांडी ओळखायची आणखी एक खूण. चमच्याची पाठ टेबलावर टेकते ती जागा आणि काट्याची टोकं बघा. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं मुलामा उडून खालचा जरा पिवळट धातू डोकावतो. आपल्या मैत्रिणीनं लिहिलंच होतं, “मोठे चमचे मागून पिवळे पडलेत, आजी म्हणते हळदीचे डाग.” आजींना सांग, हळदीचा काही दोष नाही!

पाण्याची साक्ष

ठसे खोटेही मारता येतात. म्हणून मी तिला एक प्रयोग लिहून पाठवला. तुम्हीही करा. याला ॲसिड लागत नाही, कानस लागत नाही, आणि वस्तूला ओरखडाही पडत नाही.

१. सहा मोठे चमचे एकत्र वजन करा. समजा ३६० ग्रॅम भरले.

२. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्यानं भरलेलं खोल भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा.

३. चमचे दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचे नाहीत, दोरा हातात धरून ठेवायचा.

४. काटा आता जितके ग्रॅम दाखवील, तितके मिलिलिटर पाणी चमच्यांनी बाजूला सारलं. (आर्किमिडीज आठवला का?)

५. चमच्यांचं वजन या आकड्यानं भागा.

उत्तर १०.४ च्या जवळ आलं तर स्टर्लिंग चांदी. ८.७ च्या आसपास आलं तर निकेल सिल्व्हर. म्हणजे ३६० ग्रॅमला काटा ३५ दाखवील तर चांदी, ४१ दाखवील तर मुलामा. मुलामा इतका पातळ असतो की त्यानं हिशेबात फरक पडत नाही. लहान चमच्यांना मात्र बारीक काटा हवा, कारण ८० ग्रॅमला ७.७ की ९.२ एवढाच काय तो फरक.

सुऱ्यांवर हा प्रयोग करू नका. चांदीच्या मुठीची सुरी बहुधा पोकळ असते, आत राळ भरलेली, आणि पातं पोलादाचं. तिथं पाणीही फसेल आणि तुम्हीही.

मग पणजोबा कोण?

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. मैत्रिणीनं दोनच वाटा ठेवल्या होत्या : चांदी असली तर पणजोबा चोर, नसली तर साहेब लबाड. ठशांनी काय सांगितलं? चार चमचे चांदीचे, आठ वस्तू मुलाम्याच्या. म्हणजे तिच्या हिशेबानं दोघंही गुन्हेगार! तेव्हा हिशेबातच काहीतरी चुकलं असणार, नाही का?

एक तर मुलाम्याची वस्तू देणं ही लबाडी नव्हे. त्यावर ई. पी. एन. एस. असं उघड छापलेलं आहे. वाचता आलं नाही, तो दोष अक्षरांचा नाही. दुसरं, लहान चार चमचे एका संचातले नाहीत. दोन बर्मिंगहॅमचे, दोन शेफिल्डचे. मोठे तिसऱ्याच जातीचे. ही पेटी म्हणजे मोडके-उरलेले संच एकत्र करून भरलेली दिसते. घर आवरून दूरदेशी निघालेला माणूस उरलंसुरलं ओळखीच्या माणसाला देऊन टाकतो, तशी. पण नीट ऐका : हा माझा *अंदाज* आहे, पुरावा नव्हे.

कारण ठसा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ज्याला कळलं त्यालाच ठसे वाचता आले असं मी म्हणेन. ठसा सांगतो : धातू कोणता, तपासला कुठं, कोणत्या साली. ती वस्तू मंगळवार पेठेत कशी आली, हे तो सांगू शकत नाही. माणसाच्या कपाळावर सिंह उमटवायची कचेरी अजून निघालेली नाही. चांदीवरून माणसाला चोर म्हणता येत नाही, तसंच साधूही म्हणता येत नाही. तिथं दुसरी साक्ष शोधावी लागते.

म्हणून मी तिला लिहिलं, “त्या काळचे साहेब लोक जाताना नोकरांना शिफारशीची चिठ्ठी देत. ती माणसं आयुष्यभर जपत. ट्रंकेत बघ. आणि आजीला विचार, पणजोबा ही पेटी ठेवत कुठं?”

महिन्याभरानं उत्तर आलं. चिठ्ठी काही सापडली नव्हती. पण आजी म्हणाल्या, “मामंजी असेपर्यंत पेटी बाहेरच्या खोलीत फडताळावर असायची. येईल त्या पाहुण्याला उघडून दाखवायचे. ट्रंकेत मी टाकली, ते गेल्यावर.” चोरीचा माल कोणी असा पाहुण्यांना दाखवत नाही. हाही हॉलमार्क नव्हे. पण मला विचाराल तर साक्ष बरी आहे.

पाण्याचा प्रयोग घरात सगळ्यांसमोर झाला. दोरा कोणी धरला, ओळखा? थोरल्या काकांनी. मोठ्या चमच्यांचं उत्तर ८.६ आलं. गुजरीतल्या सराफाच्या बारीक काट्यावर लहान चमच्यांचं १०.३. सराफांनी स्पष्ट सांगितलं, “मोठ्यांचे मोडीत काही येणार नाहीत. आणि चारांचे जे येतील त्यात फीचा कोपराही भरणार नाही.” तेव्हा पेटी परत घरी आली. फीचं काय झालं ते तिनं दोन ओळींत लिहिलंय : पतपेढीचं कर्ज काढलं, आणि जामीन म्हणून थोरल्या काकांनी सही केली. मोठे चमचे आता रोजच्या पोह्यांना वापरतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला मात्र काटे चालत नाहीत, असं तिचं मत आहे. माझंही!

समजा, चांदी जास्त भरली असती आणि विकावी लागली असती, तर? तर विकायची. माणसाचं शिक्षण चमच्यापेक्षा मोठं. फक्त दोन गोष्टी आधी करायच्या : ठशांचे फोटो आणि वजन वहीत नोंदवून ठेवायचं, आणि मोडीचा भाव विचारताना जुनी वस्तू म्हणून काय मिळेल, हेही दुसऱ्या ठिकाणी विचारायचं. मुशीत गेलेला ठसा पुन्हा वाचता येत नाही.

तुमच्या घरी काय आहे?

काटे-चमचे नसतील घरी, हरकत नाही. देवघरातली पळी-पंचपात्री, निरांजन, अत्तरदाणी, आजीचे पैंजण उलटे करून बघा. जुन्या इंग्रजी अमदानीत आपल्याकडे इंग्लंडसारखी सरकारी तपासणी नव्हती. पेढ्या आपापले ठसे मारत. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स अशी नावं मिळतात. ‘ओ. एम. भुज’ असा ठसा दिसला तर उड्या मारा, तो कच्छचे नामांकित कारागीर उमरशी मावजी यांचा. फ्रान्सच्या चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं असतं, आणि जर्मनीच्या चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट.

भारत सरकारच्या मानक ब्यूरोची हॉलमार्क योजना सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू झाली. त्यामुळं आजीच्या पैंजणांवर तो ठसा नसला तर घाबरू नका. पैंजणच आधीचे असतील!

पाहताना एवढं पाळा : ठशावर आधी नुसती तोंडाची वाफ सोडा, पुसट अक्षरं उठून दिसतात. मोबाइलनं फोटो काढताना उजेड बाजूनं घ्या. आणि चमकवण्यासाठी दातांची पावडर घेऊन खसाखसा घासू नका. शेफिल्डच्या चमच्यावरचं ते अक्षर कुठं गेलं असेल, असं वाटतं तुम्हाला? रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

सापडलेल्या ठशाचं चित्र काढून पाठवा. सिंहाचा कुत्रा झाला तरी चालेल. जसं दिसलं तसंच काढा, म्हणजे झालं.

पुढच्या आठवड्यात भेटू एका जुन्या कुलपाला, ज्याची किल्ली भोकात जाते पण फिरत नाही!

तुमचा,
काका